मालक नसलेल्या नाण्याची नोकरी

अमरावतीत मला ओळखणारी माणसं दोन प्रकारची आहेत. काहींना मी पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवलं. बाकीच्यांना वाटतं, मॅडम उतारवयात कुठल्या तरी भानगडीत पडल्या. लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई विचारते, "रिटायर झाल्यावर काय केलं हो?" मी सांगते, "एका क्रिप्टो नाण्यात होते." ती हसते, आणि हळूच आपली पर्स मांडीवर ओढून घेते.

पर्स नीट धरून झाली की पुढचा प्रश्न येतो. "पण त्याचा मालक कोण?"

तो प्रश्न हीच माझी नोकरी होती. मी रुजू झाले तेव्हा त्याला सरळ उत्तर होतं. मी निघाले तेव्हा ते उत्तर उरलं नव्हतं, आणि ते उरू नये यासाठीच मला कामावर ठेवलेलं होतं. असली नोकरी वऱ्हाडात दुसऱ्या कोणी केली असेल तर त्याने मला जरूर भेटावं. चहा माझ्याकडून.

प्रमोद अकोल्याचा. माझाच विद्यार्थी. फळ्यावर मी काही चुकीचं लिहिलं की त्याला ते तेव्हाच दिसायचं, पण वर्गात तो बोलायचा नाही. तास संपल्यावर दाराशी थांबायचा आणि म्हणायचा, "मॅडम, ते तिसऱ्या ओळीतलं एकदा पाहून घ्या न." म्हणून तो लक्षात राहिला. पुढे तो पुण्याला गेला, तिथली नोकरी सोडून परत आला, आणि जठारपेठेत एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन त्याने 'कवडी' नावाचं नाणं काढलं. नाव ऐकून लोक "कवडीमोल" म्हणून हसणार हे त्याला माहीत होतं. "हसू द्या," तो म्हणायचा. "हसलेलं नाव ध्यानात राहते."

हे नाणं हातात खुळखुळत नाही. आपल्याकडे बैलजोडीचा सौदा होतो तेव्हा चार माणसं समोर बसवतात. उद्या कोणी उलटलं तर ते चौघं सांगतात, अमक्याने तमक्याला दिलं, आम्ही पाहिलं. कवडीत ते साक्षीदार म्हणजे जगभरचे हजारो कॉम्प्युटर. कोणाकडून कोणाकडे किती गेलं हे सगळ्यांना दिसतं आणि सगळ्यांजवळ नोंदलेलं असतं. एकाने खोटं सांगितलं तर बाकीचे त्याला वेड्यात काढतात. त्यामुळे मधे बँक लागत नाही. इतकं समजलं की पुरे, बाकीचं गणित आहे.

मग मालक कशाला लागतो? बाहेरच्या माणसाला इथेच गंमत कळत नाही. साक्षीदार हजारो असले तरी साक्ष कशी द्यायची, हे सांगणारा प्रोग्राम कोणीतरी लिहिलेला असतो. त्यात बदल मंजूर करायचा अधिकार ज्याच्याकडे, तो कागदावर कोणी नसला तरी राजाच. शिवाय प्रमोदने सुरुवातीलाच त्यात एक आणीबाणीची चावी ठेवली होती. चावी म्हणजे एक गुप्त आकडा. तो वापरून त्याला कोणाचंही खातं गोठवता यायचं, वाटलं तर सगळं नाणं थांबवता यायचं. नवं बाळ आहे, पडलं-झडलं तर धरायला हात हवा, असा त्याचा हेतू होता आणि तो प्रामाणिक होता. पण बाळ मोठं झालं, आणि हात काही सुटेना.

मी स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याच सुमारास तो घरी आला. "मॅडम, लोकं इंग्रजीत भांडून राहिले, कोडात भांडून राहिले, मले एकट्याले झेपत नाई. तुमी या." मी गेले. सुरुवातीला माझं काम म्हणजे नियम लिहिणं, प्रोग्रामचे बदल तपासणं आणि आलेल्या माणसांना समजावणं. हे तिसरं काम सगळ्यात अवघड होतं.

एकदा अकोटचे एक गृहस्थ पेढ्यांचा डबा घेऊन जिना चढून आले. डबा प्रमोदच्या टेबलावर ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "भाऊ, भाव थोडा वाढवा न जी. पोरीचं लग्न आहे."

प्रमोद म्हणाला, "काका, भाव मी नाई ठरवत. बाजार ठरवते."

काका माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी सांगा त्याले. तुमचं आयकतो तो."

आम्ही दोघांनी बराच वेळ समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, उठले, आणि दारात चपला घालता घालता प्रमोदला डोळा मारून गेले. तुमचं गुपित माझ्याजवळ सुरक्षित आहे, असा त्या डोळ्याचा अर्थ होता. पेढे चांगले होते. पण मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही माणसं आपल्या नाण्यावर विश्वास ठेवत नाहीत, प्रमोदवर ठेवतात. आणि प्रमोद काही हजारो कॉम्प्युटरवर नव्हता. तो एकच होता, त्याला बीपी होतं आणि तो मोटारसायकल जोरात चालवायचा.

मग ती बातमी आली. सरकार असल्या नाण्यांवर बंदीचा कायदा आणणार, बाळगणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला तुरुंग, असं टीव्हीवर दिवसभर सुरू झालं. कायद्याचा मसुदा कोणी पाहिलेला नव्हता, तरी सगळे त्यातली कलमं सांगत होते. प्रमोदचा फोन थांबेना. त्याच्या आईने देवाला नवस बोलला. बायकोने माहेरी कळवलं. अकोल्यात तर कोणीतरी बातमी उठवली की त्याला पकडलं. तो तेव्हा चौकात उभा राहून पोहे खात होता. त्याच्याशेजारी उभ्या माणसाने त्यालाच सांगितलं, "त्या कवडीवाल्याले नेलं म्हणे."

प्रमोदने दुबईला निघून जायची चौकशी सुरू केली. मी म्हटलं, आधी वकिलाला विचारू.

इंगळे वकील अकोल्यातले जुने माणूस. दिवाणी दावे लढवण्यात हयात गेलेली. त्यांना क्रिप्टोचं क सुद्धा ठाऊक नव्हतं आणि ते तसं स्पष्ट सांगत. प्रमोदने त्यांच्यापुढे सगळं मांडलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तुया नावावर काही गुन्हा?"

"नाई."

"कोनाचे पैसे बुडवले?"

"नाई जी."

"कर भरतं?"

"भरतो."

"मंग पळून काहून राहिला? पळनारा मानूस आपल्या पायानं आरोपी होते." चष्मा परत नाकावर घेऊन ते म्हणाले, "पन एक सांग. हे सगळं बंद कर म्हटलं कोनी, तर करता येते तुले?"

"येते."

"एकट्याले?"

"हो."

"तर मंग तुले धोका सरकारचा नाई बाबू. तुया खिशातल्या चावीचा आहे. जेच्या हातात चावी, तेच्याच दाराशी सगळे येतीन. सरकार येईन, कोर्ट येईन, गुंडं येतीन, सोयरे येतीन. चावी अशी ठेव का तुले एकट्याले कुलूपच उघडता नाई आलं पायजे."

मला अमरावतीला सोडायला प्रमोदने गाडी काढली. मग म्हणाला, "मॅडम, जमते. सात जणाईची कमिटी करतो. सात देशातली नावं टाकतो. चाव्या सात दाखवतो."

"दाखवतो म्हणजे?"

"म्हणजे सातही माह्याजवळच राहतीन न. त्याईले काय कळते? नाव त्याईचं, काम आपलं. सरकारनं विचारलं तर सांगू, मी कोणीच नाई."

मी त्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. रस्त्याच्या कडेला त्याने गाडी थांबवली. मी त्याला म्हणाले, "प्रमोद, हे तू केलंस तर मी उद्या येणार नाही. आज तू फक्त घाबरलेला माणूस आहेस. हे केलंस की खोटारडा होशील. चाव्या वाटायच्या असतील तर खऱ्या वाट. नाहीतर राजा म्हणून राहा, उजळ माथ्याने राहा."

"अन् खऱ्या वाटल्या, अन् त्या लोकाईनं नाण्याची वाट लावली तर?"

"तर लावतील. तुझ्या एकट्याच्या हातून लागली असती ती सात जणांच्या हातून लागेल."

त्याला ते आवडलं नाही. अमरावतीत त्याने मला दाराशी उतरवलं आणि गाडी वळवली. आणि खरं सांगायचं तर माझ्या बोलण्याने त्याचं मन वळलंच नाही. ते वळवलं त्याच्या साळ्याने.

साळ्याचं नाव नितीन. त्याचं भागीदाराशी बिनसलं होतं, आणि त्या भागीदाराची बरीच पुंजी कवडीत होती. एके दुपारी नितीन ऑफिसात आला, माझ्यासमोरच बसला आणि म्हणाला, "भाऊजी, त्याचं खातं तेवढं गोठवा. दोन दिवसात लायनीवर येते."

प्रमोद हसला. त्याला थट्टा वाटली. नितीन हसला नाही.

"ताईले विचारलं मी. ताई म्हणे, तुमाले येते ते."

"येते, पण ते यासाठी नाई ना बाप्पा."

"मंग कशासाठी आहे? घरच्या मानसाच्या कामी नाई पडलं तर काय उपेग?"

नितीन गेला. संध्याकाळी प्रमोदच्या घरी जेवण बनलं नाही. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा फोन. तिसऱ्या दिवशी सासरे स्वतः, मूर्तिजापूरहून. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त आपल्या मुलीला चार दिवस माहेरी नेतो म्हणाले. प्रमोद ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

"सरकारचं भेव घेऊन बसलो होतो मी," तो म्हणाला. "सरकार तर अजून आलंच नाई. पयले घरचेच आले." मग म्हणाला, "मॅडम, खऱ्या वाटू. सातही. मले एकही नको."

"एक तरी ठेव. तुझंच आहे ते."

"नको. एकही असली तर नितीन येईन."

त्यापुढचं काम मी आयुष्यात केलेल्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी एक आहे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. सात माणसं निवडायची, पण आपण नाही. कवडी वापरणाऱ्यांनी मतं देऊन. आपले मित्र निवडून येऊ नयेत असं मनात आणायचं आणि आले तर गप्प बसायचं. एकाच देशातली दोनपेक्षा जास्त नकोत. खातं गोठवण्यासारखं कुठलंही मोठं काम करायचं तर सातांपैकी पाच चाव्या लागतील. आणि कोणताही निर्णय बंद खोलीत नाही. सगळी चर्चा उघड्यावर, कोणालाही वाचता यावी अशी. सरकारी माणसालासुद्धा. या शेवटच्या नियमावर फार भांडण झालं. वापरणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, सरकारपासून वाचायला हे करतो आहोत आणि त्यालाच चर्चा दाखवायची? मी लिहिलं, "आपण लपायला हे करत नाही आहोत. लपायचं असेल तर मला वगळा." तो नियम राहिला.

मतदान झालं. त्यात नैरोबीची ग्रेस निवडून आली. ती तिथे एका सहकारी संस्थेचे हिशेब पाहायची. अंगाने दणकट, बोलायला त्याहून दणकट. आणि मी निवडून आले. बाकीचे पाच वेगवेगळ्या ठिकाणचे होते.

नव्या प्रोग्रामात प्रमोदची चावी निकामी होणार होती. पण तो प्रोग्राम कोणावर लादता येत नाही. कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या मर्जीने तो घ्यावा लागतो, आणि बहुतेकांनी घेतला तरच तो खरा. तो सगळ्यांपुढे ठेवला त्या दिवशी आम्ही चिखलदऱ्याला होतो. अकोल्यात राहिलो तर माणसं जिना चढून येत राहतील, म्हणून प्रमोदनेच तिकडे नेलं. त्याची बायकोही होती. ती परत आली होती आणि माझ्याशी जरा जपून बोलत होती. कड्याजवळच्या एका हॉटेलच्या ओट्यावर आम्ही लॅपटॉप उघडून बसलो. तिथल्याच डोंगरातली कॉफी होती. खाली दरीत धुकं चढत होतं, उतरत होतं, आणि पडद्यावर आकडा हळूहळू वाढत होता. इतक्यांनी घेतला. आणखी इतक्यांनी. निम्म्यापुढे गेला. मग बराच वेळ तिथेच अडला आणि प्रमोद उठून येरझारा घालायला लागला. मला कळेना, आकडा अडला म्हणून याला वाईट वाटतंय की बरं.

शेवटी आकडा लागतो तितका झाला. प्रमोदने आपली जुनी चावी एकदा वापरून पाहिली. आपल्याच खात्यावर. काही झालं नाही. त्याने पुन्हा केलं. काही झालं नाही.

"गेली," तो म्हणाला.

त्याच्या बायकोने विचारलं, "आता नितीन आला तर?"

"चहा देऊ," प्रमोद म्हणाला. ती हसली, आणि लग्न झाल्यापासून याच्यावर पहिल्यांदाच खूश झाल्यासारखी हसली.

पुढे बंदी आली नाही, कर आला. आम्ही भरला. टीव्हीवाले दुसऱ्या बातमीकडे गेले. पण भीती एकदा हवेत सोडली की तिच्यावर पोट भरणारे येतातच.

सुनंदाताई तिवशाच्या. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत त्यांचा कापडी पिशव्या शिवायचा छोटा कारखाना होता. दहाबारा बायका कामाला. नव्या मशिनींसाठी त्या थोडं थोडं कवडीत टाकत आल्या होत्या. एका सकाळी त्या माझ्या घरी आल्या. पत्ता कोणी दिला विचारलं नाही, चेहरा पाहूनच आत घेतलं.

त्यांना फोन आला होता. मराठीत, अगदी आदराने बोलणारा माणूस. म्हणाला, मी कवडीचा अध्यक्ष बोलतोय. सरकार परवा सगळी खाती जप्त करणार आहे. तुमची रक्कम आमच्या सुरक्षित खात्यात टाका, कायदा झाला की परत करतो. त्यांनी टाकली.

"ताई, कवडीला अध्यक्षच नाही," मी म्हणाले.

"हे मले कोन सांगन?" सुनंदाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "बँकेले मॅनेजर आहे. गावाले सरपंच आहे. देवाले पुजारी आहे. तुमच्या कवडीले कोनीच नाई हे आमाले कसं समजावं?"

मी लॅपटॉप उघडला. चोराचं खातं सगळ्यांना दिसत होतं. रक्कम तिथेच पडून होती. हलवली नव्हती. मी ते त्यांना दाखवलं, आणि दाखवायला नको होतं. त्यांनी पडद्याला बोट लावलं.

"हे माहे?"

"हो."

"दिसून राहिले न. मंग घ्या न वापस."

मी प्रमोदला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, माह्याजवळ चावी असती तर तुमचा फोन ठेवायच्या आत गोठवलं असतं." मी फोन ठेवला.

नियमाप्रमाणे मी प्रस्ताव मांडला: हे एक खातं गोठवावं. पाच चाव्या हव्या. सुनंदाताई माझ्या स्वयंपाकघरात बसून होत्या. मी त्यांच्यासाठी भाजी-पोळी केली, त्यांनी खाल्ली नाही. पडद्यावर एकेक उत्तर येत गेलं. माझं हो. आणखी तिघांचं हो. दोघांचं नाही.

मग ग्रेसने लिहिलं. ती त्रोटक लिहायची, त्या दिवशी लांबलचक लिहिलं. तिचा अर्थ असा होता: ही बाई खरी आहे यावर माझा विश्वास आहे. पण आज आपण एका रडणाऱ्या बाईसाठी खातं गोठवलं, तर पुढच्या महिन्यात माझ्या इथला मंत्री आपल्या विरोधकाचं खातं गोठवायला अशीच एक रडणारी बाई पाठवेल, आणि मला दोघींतला फरक इथून ओळखता येणार नाही. चोर पकडणं पोलिसांचं काम आहे. आपण पोलीस झालो तर आपल्यावर पोलीस कोण? माझं मत नाही.

चार हो, तीन नाही. प्रस्ताव पडला.

मी खूप चिडले. ग्रेसला फोन करून बोलले. इंग्रजीत चिडता येत नाही म्हणून मधेमधे मराठीत बोलले. तिने ऐकून घेतलं आणि मत बदललं नाही. फोन ठेवल्यावर मात्र मनात एक विचित्र गोष्ट झाली. गाडीत बसून प्रमोदला मी जे सुनावलं होतं, खऱ्या वाट म्हणून, ते खरंच खरं झालं होतं. मी ज्या बाजूला होते, प्रमोद ज्या बाजूला होता, त्या बाजूचं झालं नव्हतं. प्रमोदला कोणी विचारलं नव्हतं, आणि मला विचारून माझं ऐकलं नव्हतं. त्याचा अभिमान वाटायचा तो क्षण माझ्या स्वयंपाकघरात सुनंदाताई बसलेल्या असताना यावा, एवढंच वाईट.

मी त्यांना घेऊन सायबर पोलिसांकडे गेले. तक्रार झाली. आणि दोनतीन दिवसांनी पोलिसांकडून प्रमोदला बोलावणं आलं.

ज्याची इतकी वर्षं धास्ती होती ते सरकार असं आलं, एका सुती शर्टातल्या, सर्दी झालेल्या इन्स्पेक्टरच्या रूपात. इंगळे वकील बरोबर होते. मीही गेले.

इन्स्पेक्टरने विचारलं, "हे तुम्ही काढलं?"

"काढलं मी."

"मग हे खातं बंद करा."

"मले येत नाही, साहेब."

"येत नाही, की करायचं नाही?"

"येतच नाही. पहिले यायचं. मी ते सोडून दिलं." आणि प्रमोदने सगळं सांगितलं. चावी, सात माणसं, मतदान, आमचा पडलेला प्रस्ताव. लपवायचं काहीच नव्हतं, सगळी चर्चा उघडीच होती. त्याने लॅपटॉपवर ती उघडून दाखवली. इन्स्पेक्टरने ग्रेसचं लिहिलेलं सावकाश वाचलं. रुमालाने नाक पुसलं.

"ही बाई आमच्या खात्यात पायजे होती," तो म्हणाला.

त्या खोलीत पहिल्यांदाच हवा खेळली. इंगळे वकील मला हळूच म्हणाले, "पाहा. खरं बोलनाऱ्याले किती कमी बोला लागते."

मग प्रमोदने खुर्ची पुढे ओढली. "साहेब, बंद करता नाही येत, पण कुठं जाते ते दाखवता येते." त्याने इन्स्पेक्टरला शिकवलं. नाणं कुठून कुठे गेलं हे कसं पाहायचं, खात्यामागून खातं कसं धरायचं. चोराने रुपये हातात घ्यायचे म्हटलं की त्याला कधीतरी नाणी विकायच्या अशा बाजारात यावंच लागतं जिथे ओळखपत्र घेतल्याशिवाय पैसे देत नाहीत. तो नियम सरकारचा. ज्या नियमांना घाबरून प्रमोदने दुबईची चौकशी केली होती, त्यातलाच एक.

चोर काही दिवस थांबला आणि तिथे आला. पोलिसांचं पत्र आधीच पोचलेलं होतं. खातं तिथे अडकलं. कोर्टातून हुकूम व्हायला वेळ लागला, आणि सगळं मिळालं नाही, काही भाग त्याने मधल्या दिवसांत दुसरीकडे उडवला होता. मिळाले त्यातून सुनंदाताईंनी मशिनी घेतल्या, ठरवल्या होत्या त्यापेक्षा कमी. त्यांनी कवडी मात्र पुन्हा घेतली नाही. मला तसं तोंडावर सांगितलं. "तुमी चांगल्या आहा मॅडम. पन मले मालक लागते, जेच्याशी भांडता येते." मी वाद घातला नाही. पण आम्ही तेव्हापासून नव्या माणसाला पहिल्याच पानावर, सगळ्या भाषांत, मोठ्या अक्षरांत सांगतो: कवडीला अध्यक्ष नाही, कोणी अध्यक्ष म्हणून फोन केला तर तो चोर आहे. मराठीतला मजकूर सुनंदाताईंनी पाहून दिला. "चोर आहे" हे शब्द त्यांचे. मी "फसवणूक असू शकते" असं लिहिलं होतं.

प्रमोद आता पोलिसांना, वकिलांना हेच शिकवत फिरतो. कधी अमरावती, कधी नागपूर. त्याचं बीपी उतरलं आहे. जिना चढून पेढे घेऊन कोणी येत नाही याचं त्याला थोडं वाईट वाटतं, असं त्याची बायको म्हणते.

माझी मुदत संपली तेव्हा मी पुन्हा उभी राहिले नाही. माझ्या जागी निवडणूक झाली. मी ज्याला मत दिलं तो पडला. कार्यभार सोपवायला गेले तर घेणारं कोणी नव्हतं. मुदत संपली, माझी चावी त्या दिवशी आपोआप निकामी झाली, आणि निरोपाचा नारळ मी स्वतःच बाजारातून आणून घरी फोडला.

परवा सहज चर्चा वाचत होते. कोणीतरी नियमांतला एक परिच्छेद बदलायचं सुचवलं होतं. तो मी लिहिलेला होता, जिवापाड विचार करून. राहवलं नाही. साधी वापरकर्ती म्हणून मी हरकत नोंदवली, जरा जोरातच. थोड्या वेळाने उत्तर आलं. कोण्या देशातला, कोण माणूस, माहीत नाही. नम्र होता. त्याने लिहिलं होतं, आपली हरकत मिळाली, पण नुसतं चूक आहे म्हणून चालत नाही, इथे कारणं द्यावी लागतात. आणि खाली विचारलं होतं, आपण इथे नवीन आहात का?

ती ओळ मी पुन्हा वाचली. हसू आवरेना. मग चष्मा पुसला, खुर्ची पुढे घेतली आणि लिहिलं, "हो. कारणं देते."